एमसीआर चप्पल : बधिर पायांसाठी घेताना काय पाहायचं

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी चर्चमध्ये वेदीसमोर बारा जणांना बसवून पाय धुतले जातात. ते पाय बहुतेक वेळा घरूनच साबण लावून आलेले असतात. त्यात गैर काही नाही, विधी तो विधी. पण येशूने शिष्यांचे पाय धुतले तो योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय मनावर घेऊन काही मंडळ्या त्याच्या पुढे जातात. कुष्ठरोगातून बरे झालेले पण पाय बधिर राहिलेले लोक मुंबई-ठाण्याच्या वसाहतींत, पुलांखाली, देवळा-दर्ग्यांच्या आणि चर्चच्या दारांत आहेत, त्यांच्या पायांची नियमित देखभाल या मंडळ्या करतात. या मंडळ्यांना एक वस्तू पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागते, ती म्हणजे एमसीआर चप्पल. हे परीक्षण त्या चपलेचं. निकाल आधीच सांगून टाकतो: वस्तू उत्तम, पण बाजारात एमसीआरच्या नावाने जे काही मिळतं त्यातलं बरंच घेण्यालायक नाही. आणि चांगली चप्पल चुकीच्या पद्धतीने वाटली तर तीही वाया जाते.

एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. बारीक बारीक बंद पोकळ्या असलेलं, दाबलं की दबणारं आणि सोडलं की लगेच वर येणारं रबर. याच्यामागचा विचार वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजला. १९४६ साली तिथे रुजू झालेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की कुष्ठरोग्याची बोटं रोगाने 'झडत' नाहीत. नस मेली की वेदना जाते, आणि वेदना गेली की माणूस खिळ्यावर, निखाऱ्यावर, फोडावर तसाच चालत राहतो. पायाची खरी नासाडी होते ती या न कळलेल्या इजांनी. म्हणजे पाय वाचवायचा तर औषधाइतकीच चप्पल महत्त्वाची. मल्टी ड्रग थेरपीने जंतू सहा किंवा बारा महिन्यांत संपतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची भीतीही उरत नाही. मेलेली नस मात्र बहुधा परत येत नाही. २००५ च्या अखेरीस देशाने दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठलं. तेव्हापासून लोकांना वाटतं की कुष्ठरोग संपला. बरे झालेले पण बधिर पायांचे लोक तेव्हापासून कुणाच्याच हिशोबात नीटसे येत नाहीत.

आता वस्तूकडे येऊ. चांगल्या एमसीआर चपलेचे तीन भाग. वरचा मऊ तळ, म्हणजे खरं एमसीआर, साधारण १० ते १२ मिलिमीटर जाडीचा. खालचा कडक सोल, काच, टाचणी किंवा सळईचा तुकडा आरपार येऊ न देणारा. आणि पट्टे: पुढे एक किंवा दोन आडवे, मागे टाचेभोवती एक. अंगठ्याच्या बेचक्यातून जाणारा पट्टा नकोच. बधिर पायाची बोटं अनेकदा आकडलेली आणि दुबळी असतात. साधी हवाई चप्पल टिकवून धरायला बोटांनी जी पकड लागते ती त्यांच्यात नसते. चप्पल निसटते, माणसाला कळतही नाही, आणि तो अनवाणी चार पावलं पुढे गेलेला असतो. जी निसटत नाही तिचा पट्टा बेचक्यात घासून जखम करतो.

रबराची परीक्षा दुकानातच करता येते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वरचा तळ जोरात दाबायचा. जाडी साधारण निम्म्यावर आली पाहिजे आणि सोडल्याबरोबर पूर्ववत झाली पाहिजे. तांत्रिक भाषेत हा कडकपणा शोअर मापावर १५ च्या आसपास असतो, पण वसाहतीत मापक घेऊन कोण फिरतं! चिमूट पुरते. दाबलं जात नसेल तर ते साधं रबर आहे. सहज अगदी चपटं होत असेल, किंवा बोटांचा खड्डा तसाच राहत असेल, तर तो स्पंज आहे. स्टेशनबाहेर 'डॉक्टर चप्पल' म्हणून टांगलेल्या बऱ्याच जोड्या या दुसऱ्या जातीच्या. पहिल्या दिवशी गादीसारख्या वाटतात. काही आठवड्यांत चवड्याखालचा आणि टाचेखालचा भाग बसतो, तो पुन्हा उठत नाही. ज्याला पायाची जाणीव आहे तो म्हणतो, 'चप्पल बसली रे,' आणि नवी घेतो. ज्याला नाही, त्याचं हाड, कातडी आणि कडक सोल यांच्यामध्ये आता काहीच उरलेलं नसतं. जखम होते ती बहुतेक चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी.

यानंतर सोल उलटा करून खिळे बघायचे. या चपलेत एकही खिळा, चूक (बारीक खिळा) किंवा तारेची पिन असता कामा नये. सगळं सोल्यूशनने चिकटवलेलं आणि दोऱ्याने शिवलेलं असावं. आतून तळावर बोट फिरवून बघा. पट्टा जिथे तळात शिरतो तिथे उंचवटा किंवा टोचणारी शिवण लागली, तर ती जोडी नाकारा. पट्ट्याच्या कडा दुमडून शिवलेल्या असाव्यात, कापून तशाच सोडलेल्या नसाव्यात. कडक कडेने घोट्याजवळ कातडी सोलली जाते आणि संध्याकाळी पाय धुतानाच ते दिसतं.

पट्टा बंद करायला बक्कल चांगलं की वेल्क्रो? बक्कल जास्त टिकतं यात वाद नाही. पण ज्याच्या पायाची नस गेली त्याच्या हाताचीही गेलेली असण्याची शक्यता मोठी. आकडलेल्या बोटांनी बक्कलची जीभ भोकात घालणं हे रोजचं कष्टाचं काम होतं. मग माणूस पट्टा कायमचा सैल ठेवून पाय नुसता आत सरकवतो, म्हणजे मागचा पट्टा असून नसल्यासारखा. वेल्क्रोच घ्यावा, आणि पट्टा थोडा लांब ठेवून टोकाला बोट अडकेल एवढी वळी शिवून घ्यावी. मनगटाने ओढता आलं पाहिजे. वेल्क्रोत धूळ, केस, चिखल अडकून तो पकडेनासा होतो. जुन्या टूथब्रशने आठवड्यातून एकदा झाडला की पुन्हा धरतो.

मुंबईचा पाऊस हा या चपलेचा खरा शत्रू. एमसीआर स्वतः फारसं पाणी पीत नाही, पण दोन थरांमधला जोड सुटतो. पुढच्या टोकाला सोल उघडला की तो पायरीला अडकून माणूस पडतो. पाऊल लोंबत असेल, म्हणजे नस गेल्याने पुढून वर उचललं जात नसेल, तर हमखास. चामड्याचे पट्टे जुलैत बुरसतात आणि वाळल्यावर लाकडासारखे होतात, त्यामुळे इथे रेक्झिन किंवा नायलॉनचे पट्टेच व्यवहार्य. चामडं चांगलं हे खरं, पण ते कोरड्या हवेच्या भागात. ओली चप्पल चुलीपाशी किंवा कडक उन्हात वाळत घालू नये. उलटी करून, वाऱ्याला, सावलीत.

दुरुस्तीबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण इथेच चांगल्या हेतूचं मातेरं होतं. पट्टा सुटला की माणूस स्वाभाविकपणे कोपऱ्यावरच्या मोचीकडे जातो. मोची हातचा कसबी असतो, पण सवयीने दोन बारीक खिळे ठोकून चप्पल परत देतो. ग्राहकाला ते टोचत नाहीत, म्हणून तोही खूश. रात्री पाय धुताना पाण्यात रक्त दिसतं. वसाहतीजवळचा एक मोची गाठावा, त्याला समोर बसून समजावून सांगावं की खिळा बिलकुल नको, आरीने टाके घालून शिवायचं, आणि त्या वेळखाऊ कामाचे पैसे मंडळीने त्याला आधीच ठरवून द्यावेत. कुर्ल्याच्या ठक्करबाप्पा कॉलनीत आणि धारावीत चप्पल बनवणारे कारागीर भरपूर आहेत. एमसीआरची शीट आणि नमुन्याची जोडी नेऊन दिली तर तिथे कुणीही कुशल कारागीर ही चप्पल बनवू शकतो. रंगही हवा तो मिळतो, आणि रंगाची बाब किरकोळ नाही. जुन्या, ठरावीक काळ्या पट्ट्यांच्या जोडीला वसाहतीबाहेर 'ती' चप्पल म्हणून ओळखतात. बसमध्ये शेजारचा सरकून बसतो. लोक ती घरात ठेवून हवाई चपलेवर बाहेर पडतात आणि आपण म्हणतो, यांना किंमत नाही. तपकिरी, चॉकलेटी, बायकांसाठी मरून पट्टे, बाजारातल्या सँडलसारखे दिसणारे, असे मागवा. वापर लगेच वाढतो. समाजाचं जाऊ द्या, ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. ते निघालं २०१९ साली.

मापाबद्दल. ढीग मांडून सात, आठ, नऊ नंबर वाटणं हा सगळ्यात महागडा प्रकार, कारण निम्म्या जोड्या न वापरता पडून राहतात. या लोकांचे दोन पाय अनेकदा सारखे नसतात. एका पायाची बोटं आखूड झालेली, दुसरा शाबूत. अशा माणसाला नऊ नंबरची जोडी दिली की आखूड पाय आत पुढे-मागे सरकत राहतो, घासतो आणि फोड येतो. एक एक पाय स्वतंत्र मापून एकाच जोडीत दोन मापं बनवून घ्यायला कारागीर फार तर थोडे जास्त पैसे घेतो. माप संध्याकाळी घ्यावं, तेव्हा पाय दिवसभराच्या सुजेसकट असतो. माणसाला दोन्ही पायांवर उभं करून, जाड कागदावर, पेन्सिल सरळ उभी धरून रेघ काढायची. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे एक सेंटिमीटर सोडायचं. जखम किंवा घट्टा कुठे आहे तिथे कागदावर खूण, आणि त्यावरच नाव व तारीख. हा कागद पुढच्या वेळी उपयोगी पडतो. पाय बदललेला असला तर तो लगेच दिसतो.

नवी जोडी मिळाली की लगेच दिवसभर घालू द्यायची नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास. मग चप्पल काढून पाय बघायचा. कुठे लाल झालं असेल आणि ती लाली वीसेक मिनिटांत गेली नाही, तर तिथे दाब येतोय. पट्टा सैल करा, नाहीतर कारागिराकडे परत पाठवा. ठीक असेल तर रोज थोडा वेळ वाढवत आठवड्याभरात पूर्ण दिवसावर यायचं. जाणीव असलेल्या माणसाला नवी चप्पल लागते तेव्हा पायच सांगतो. इथे ते काम डोळ्यांनी करायचं आहे.

म्हणून पाय धुणं हे चपलेपासून वेगळं काढता येत नाही. पद्धत अशी. साधं पाणी, गरम नको. पाण्यात कोपर घालून बघायचं, तेही ज्याला जाणीव आहे त्याने. घमेल्यात वीस मिनिटं पाय भिजू द्यायचे. बधिर पायाला घाम येत नाही, त्यामुळे कातडी कोरडी पडून भेगा जातात. भिजवण्याचा हेतू तो कोरडेपणा मोडणं हा आहे. मग घट्ट्यावर वजरी किंवा खरखरीत दगड हलक्या हाताने, एका दिशेने. एका बैठकीत सगळा घट्टा काढायचा नाही, आणि ब्लेडला हात लावायचा नाही. बोटांच्या बेचक्या कापडाने टिपून कोरड्या करायच्या. तळव्याला मात्र ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन, म्हणजे आतलं पाणी आत राहतं. बेचक्यांत तेल नको, तिथे बुरशी धरते. शेवटी तळवा बघायचा. स्वतःचा तळवा स्वतःला दिसत नसेल तर खाली आरसा धरायचा. हे रोज घरी व्हायला हवं. मंडळीतल्या लोकांनी आठवड्यातून एकदा येऊन करणं म्हणजे शिकवणं आणि तपासणं. धुणाऱ्याने खाली पाटावर बसायचं, ज्याचे पाय आहेत त्याने खुर्चीवर. हातमोजे उघडी जखम असेल तरच. धडधाकट, कोरड्या पायाला हातमोजे चढवून हात लावला की समोरच्याला काय सांगितलं जातं ते वेगळं सांगायला नको. फोटो नकोत.

एक सावधगिरी: मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनाही ही चप्पल चालते आणि द्यावीच, पण त्यांचे पाय असे भिजवायचे नाहीत. धुऊन लगेच कोरडे करायचे. कुष्ठ आणि मधुमेह दोन्ही असलेला माणूस आला तर मधुमेहाचा नियम पाळावा.

वाटपाचं वेळापत्रक हा पुढचा मुद्दा. बहुतेक मंडळ्या जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, जागतिक कुष्ठरोग दिनाला, कार्यक्रम घेतात किंवा पवित्र आठवड्यात वाटप करतात. वर्षातून एकदा. रोज चालणाऱ्या माणसाची जोडी सहा महिन्यांत बसते, भीक मागत किंवा भंगार वेचत दिवसभर फिरणाऱ्याची त्याआधी. एप्रिलमध्ये दिलेली जोडी पावसाळा काढते आणि दिवाळीपर्यंत बाद होते. मग पुढच्या एप्रिलपर्यंत तो माणूस बाद चपलेवर, म्हणजे जवळजवळ अनवाणी. ईस्टरच्या आधी एक आणि दिवाळीच्या सुमारास एक, असं धरलं तर अंतर नीट बसतं. शंभर लोकांना एकदा देण्यापेक्षा पन्नास लोकांना दोनदा द्यावं. अहवालात आकडा निम्मा दिसेल, दिसू द्या. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातूनही ही चप्पल मोफत मिळते, तेव्हा आधी तिथून कुणाला काय मिळालं ते विचारून घ्यावं आणि मंडळीचा पैसा उरलेल्या जागी घालावा: विषम मापं, दुरुस्ती, दुसरी जोडी.

दुसरी जोडी घरात वापरायला. आपल्याकडे घरात चप्पल घालत नाहीत, पूजेच्या किंवा प्रार्थनेच्या जागी तर नाहीच. खोपटात जमीन खडबडीत, चूल खाली, रात्री उंदीर. बधिर पायाला उंदीर कुरतडून जातो आणि सकाळी कळतं, ही या कामातल्या लोकांना माहीत असलेली गोष्ट आहे. घरची जोडी वेगळ्या रंगाची द्यावी आणि ती बाहेर नेऊ नये असं सांगावं, म्हणजे घरातल्या बायकाही हरकत घेत नाहीत. चर्चमध्ये येताना दाराशी चपला काढायची पद्धत असेल तिथे पाळकांनी स्वतः सांगावं की या लोकांनी काढू नयेत. मे महिन्यात आवारातली फरशी अशी तापते की दारापासून गेटपर्यंत जाताना फोड येतो.

आता उणिवा. चप्पल जड आहे, विशेषतः टायरचा सोल असेल तर. वृद्धांना ओढवत नाही. त्यांना पातळ सोलची मागावी आणि ती लवकर झिजेल हे गृहीत धरावं. मागच्या पट्ट्यामुळे पायात सरकवून निघता येत नाही, म्हणून रात्री लघवीला उठणारा माणूस अनवाणीच जातो. यावर घरच्या जोडीला पुढचा पट्टा रुंद ठेवून बघता येतं, पण पक्का उपाय नाही. आणि दिसायला बरी असली तरी ती लग्नाकार्यात घालायची वस्तू नाही. तरुण मुली त्या दिवशी ती काढणारच. एकूण गुण पाचपैकी चार.

उघडी, वाहती जखम असताना कितीही चांगली चप्पल दिली तरी जखम भरत नाही. ती भरते पायावर भार न टाकल्याने, म्हणजे विश्रांतीने किंवा प्लास्टरने. रोजंदारीवरच्या माणसाला 'विश्रांती घ्या' सांगून घरी येणं सोपं आहे. मंडळीने त्या काळात त्याच्या घरी शिधा पोचवला तरच तो पाय वर ठेवेल. पाय सुजलेला, गरम लागतो, पू किंवा वास येतो, ताप आहे, तर त्याच दिवशी रुग्णालय. वडाळ्याचं महापालिकेचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० पासून याच कामाचं आहे. वर्सोव्याला हेल्पर्स ऑफ मेरी या धर्मभगिनींचं विमला डर्मेटॉलॉजिकल सेंटर आहे. पाय वाकडा झाला असेल, चवड्याखाली हाड वर आलं असेल किंवा पाऊल लोंबत असेल, तर तयार एमसीआर चप्पल पुरत नाही. पायाच्या साच्यावरून तळ घडवावा लागतो, लोंबत्या पावलाला वेगळा आधार लागतो. त्यासाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. तिथे जाताना जुनी चप्पल फेकून न देता पिशवीत घालून न्यावी. तळ कुठे सगळ्यात जास्त दबलाय ते बघून तिथल्या तंत्रज्ञाला पायाचा भार नेमका कुठे पडतो ते कळतं.